तासाच्या आत, बर्फात

मला घाणीची किळस येते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्यासारख्यांना ती येत नसावी असं बऱ्याच भल्या माणसांना मनापासून वाटतं. सरडा चिरताना मी मध्येमध्ये उठून खिडकीशी जायचे. फॉर्मलिनच्या बरणीचं झाकण काढलं की नाक धरून दाराकडे पळायचे, आणि ज्या दिवशी उंदरांचे पिंजरे धुवायचे असत त्या दिवशी माझा डबा तसाच घरी परत जायचा. तरी मी एम.एस्सी. केलं ते प्राणिशास्त्रातच. हट्ट म्हणा. आमच्या घरात बाकी कशाचा तोटा असला तरी हट्टाचा नव्हता.

हट्टाचं मूळ म्हणजे माझे वडील, आनंदराव. जन्माचं नाव चिंधू. आधीची दोन पोरं गेली, म्हणून आजीनं याचं नाव मुद्दाम टाकाऊ ठेवलं, देवाची नजर पडू नये म्हणून. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले ते आनंदराव होऊनच आले. घरातले देव बोडीत, म्हणजे गावतळ्यात, सोडले आणि गावाला सांगितलं की आजपासून तुमची मेलेली ढोरं तुम्ही ओढा. मग बांधकाम खात्यात मैलमजूर झाले आणि पंचवीस वर्षं रस्त्याचे खड्डे बुजवले. जेवायला बसण्याआधी ते राखेनं तीनदा हात धुवायचे. रस्त्यावरच्या धुळीला तीनदा कशाला, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. माझा जन्म अठ्ठावन्नचा. मेलेलं ढोर सोललेलं मी माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट शहाऐंशीच्या मे महिन्यातली. मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते आणि श्यामराव सर आमचे विभागप्रमुख. त्यांचं आडनाव सांगत नाही, कॉलेजचंही नाही. माणूस आता गेला, आणि मुलं बरी निघाली आहेत. पीएचडीच्या नोंदणीचा माझा अर्ज फेब्रुवारीपासून सरांच्या टेबलाच्या खणात पडून होता. गाइड म्हणून त्यांची सही झाली तर जूनपासून मला लेक्चरर म्हणून घेणार होते. नाही झाली तर मेअखेर घरी. मी रोज विचारायचे आणि ते रोज म्हणायचे, "करू गं, घाई काय आहे?" घाई मलाच होती.

विषय सरांचाच, आणि विषय चांगला होता, हे मी आजही म्हणते. प्रथिन म्हणजे एक लांब धागा. नुसता पडलेला धागा काही कामाचा नाही. त्याची ठरलेली घडी पडली की तो कामाला लागतो. फार ताप लागला की घडी उकलते. अंडं उकडल्यावर पांढरं होतं, ते हेच. आता शरीरात काही प्रथिनं राखणदारीचं काम करत असणार. एखादी पेशी बेफाम वाढायला लागली की तिला आवर घालणारी. राखणदाराचीच घडी उकलली की गाठ धरते. मग भर दुपारी तापल्या दगडावर मजेत बसणारा सरडा घ्या, किंवा चव्वेचाळीस अंशांत शेणखताची बंडी ओढणारा आपला बैल घ्या. यांच्या राखणदाराची घडी टिकते कशी? लाखो वर्षं उन्हात काढलेल्या जनावरांत ती पिढ्यान्‌पिढ्या घट्ट होत आली की काय? हा आमचा प्रश्न.

प्रश्न मोठा आणि साधनं इवलीशी. आम्ही अर्क काढायचो, पाण्यात ठेवून तापवायचो आणि कितव्या अंशाला तो दुधासारखा फाटतो ते वहीत लिहायचो. बाहेरच्या देशांत तेव्हा त्रेपन्न हजार रेणुभाराच्या एका प्रथिनाची फार चर्चा चालू होती. ते गाठींमध्ये ढिगानं सापडायचं, म्हणून सगळे म्हणायचे की हेच गाठ करतं. सर वर्गात त्याला 'चोर' म्हणायचे. एकोणनव्वद साली उलगडा झाला की तो चोर नव्हता, राखणदार होता. ज्यांनी तपासला त्यांनी गाठीतूनच उचललेला, बिघडलेला तपासला होता, आणि धडधाकट कसा असतो ते कोणी पाहिलंच नव्हतं. ती बातमी मी वाचनालयात वाचली आणि एकटीच मोठ्यानं हसले. का हसले ते पुढे कळेल.

सरांचा एक नियम होता. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी तो लिहूनच ठेवला होता आणि शिपायाला तेवढी ओळ पुसायची मनाई होती: 'तासाच्या आत, बर्फात.' जीव गेला की शरीर स्वतःच स्वतःची प्रथिनं कुरतडायला लागतं, त्यामुळे तुकडा तासाच्या आत बर्फात गेला नाही तर तो नमुना नव्हे, कचरा. एकदा मी दीड तासानं सरडा आणला तर सरांनी माझं अख्ख्या दिवसाचं काम मोरीत ओतलं. बरोबरच केलं. ओतताना रुमाल मात्र नाकाला लावला होता, वाळ्याच्या अत्तराचा. सरडा चिरायचे मी, अर्क काढायचे मी. सर रुमालामागून आकडे विचारायचे.

सरड्यांचं काम झालं आणि सर म्हणाले, "आता बैल. शिंगाचा कॅन्सर झालेला." हा रोग आपल्या बैलांना होतो. शिंग मुळाशी मऊ पडतं, एका बाजूला कलतं, आतून सडतं आणि बैल डोकं झटकत राहतो. म्हशीला मात्र सहसा होत नाही. गाठीतला राखणदार आणि चांगल्या मांसातला राखणदार शेजारीशेजारी तापवून बघायचे होते.

"आमच्या घरच्याच बैलाला झालाय," सर म्हणाले. "फेब्रुवारीतच शिंग कललं. आता काही खरं नाही. तो जायला टेकला की तुला कळवतो. वडिलांना घेऊन ये. तुमच्याकडे या कामाची सवय असते."

"माझ्या घरात कोणालाच सवय नाही, सर."

"अगं, रक्तात असतं," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. माझा अर्ज त्यांच्या खणात होता. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

मंगळवारी दुपारी एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती चिठ्ठी आली. 'बैल शेवटच्या घटका मोजतो आहे. उद्या सकाळच्या गाडीने ये. बर्फ आण. वडील आणि आणखी चार माणसे हवीत.' खाली तारीख, सही. कसल्याही कागदावर यांची सही पटकन व्हायची, माझ्या अर्जाचाच तेवढा अपवाद.

घरी वडील अंगणात खंजिरी शेकत बसले होते. संध्याकाळी विहारात भजन होतं. खंजिरी घोरपडीच्या कातड्याची, त्यांच्या बापाच्या वेळची. मी चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी खंजिरी विस्तवावरून काढली, बोटानं टिचकी मारून पाहिली, परत धरली.

"सुलो, चार मानसं कायले? शिंग हाये का हत्ती?"

"डोकं धरायले लागत असन, बाबा."

"तुले त्या शिंगात पाहाचं काय हाये?"

मी त्यांना घडीचं सांगितलं. ऊन सोसणाऱ्या जनावरांच्या अंगातला धागा लवकर उकलत नाही, असं आमचं म्हणणं आहे आणि तेच पडताळायचं आहे, असं. वडील ऐकत होते. मग त्यांनी खंजिरी माझ्यापुढे धरली.

"हे पाह्य. बकरीच्या कातड्याले जास्त शेक लागला का तडकते. घोरपडीचं उलटं कसते. सारी जिंदगी उनात पडून राह्यते ते." आणि डोळे बारीक करून म्हणाले, "एवढ्यासाठी सर कायले पाहिजे तुले? मले इचारलं असतं."

आम्ही दोघंही हसलो. त्यांनी खंजिरी खाली ठेवली तेव्हा मात्र हसू संपलं होतं.

"बाकीच्यायले मी नाही इचारत. मी एकटा येतो. जित्या बैलाचं डोकं धरीन. जीव गेला का मी बाजूले. मेल्याले हात लावनार नाही. छप्पनमधी धुतले हात."

"हो, बाबा."

"सरले सांगून ठेव."

"सांगीन."

बुधवारी सकाळी सरबतवाल्याकडून बर्फाची लादी घेतली, फोडली, भुशात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरली. सुरी, करवत, काचेच्या बाटल्या आणि रबरी हातमोज्यांचा एकुलता एक जोड पिशवीत घातला. पवनीच्या गाडीनं कोंढ्याला उतरलो आणि तिथून दीड कोस पायी गेलो. गावाचं नाव नाही सांगत. डबा वडिलांनी डोक्यावर घेतला होता आणि पाण्याचे थेंब त्यांच्या कानामागून ओघळत होते. "तुया सरमुळं उन्हाळ्यात हिवाळा झाला," ते म्हणाले.

वास बोडीच्या अलीकडेच आला.

आधी मला वाटलं कुत्रं मेलं असेल. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढलो आणि दिसलं. बैल आडवा होता, पोट फुगून तट्ट झालेलं, वरचे दोन पाय हवेत ताठ. कललेलं शिंग निखळून गालावर लोंबत होतं आणि त्याच्या मुळाशी जे काही वळवळत होतं ते मी पाहिलं आणि पाहायला नको होतं. डोळ्यांच्या जागी कावळ्यांनी आपलं काम केलं होतं. माश्यांचा आवाज एवढा होता की सर काय म्हणाले ते मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही.

सर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, मोहाच्या सावलीत उभे होते. नाकाला वाळ्याचा रुमाल. शेजारी त्यांचे थोरले भाऊ तुलाराम, तोंडाला दुपट्टा बांधलेले. त्यांच्या पायापाशी दोन जाड वासे आणि दोरखंडाचं वेटोळं पडलं होतं.

"आलास का, चिंधू?" सर रुमालातून म्हणाले. हे नाव त्यांनी माझ्या जातीच्या दाखल्यात वाचलं असणार. माझे वडील त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे होते.

"आनंदराव," वडील म्हणाले.

"हो हो, तेच. एकटाच? बाकीचे कुठायत?"

तुलाराम पुढे झाले. "बोडीच्या पल्याड खड्डा खनून ठेवला हाये. आमची दोन गडीमानसं पळाली आन टरॅक्टरवाला म्हनते वास येऊन राहिला. तेवढं वढून न्या. मंग तुमचं शिंग-बिंग जे घेयाचं ते घ्या."

माझ्या डोक्यात गोष्टी एकेक करून बसत गेल्या. शिंगाचा तुकडा करवतीनं निघतो. त्याला वासे लागत नाहीत, दोरखंड लागत नाही, चार माणसं लागत नाहीत.

"सर, हा कधी गेला?"

"झाले असतील एक-दोन दिवस."

"सोमवारी पहाटे," तुलाराम म्हणाले. त्यांना लपवायचं काही ठाऊक नव्हतं. "आज तिसरा दिस हाये. गावात जेवन जाऊन नाही राहिलं कोनाले."

"चिठ्ठीवर मंगळवारची तारीख आहे, सर. शेवटच्या घटका मोजतोय असं लिहिलंय. तुमच्या अक्षरात."

सरांनी नाकावरच्या रुमालाची घडी बदलली.

"तासाच्या आत, बर्फात," मी म्हटलं. "पंचेचाळीस अंशांत अडीच दिवस. याच्यात आता कसली घडी उरली असेल?"

"अगं, शिंगाचा भाग कडक असतो. आत काही ना काही टिकलं असेल." दीड तासाचा सरडा मोरीत ओतणारा माणूस हे म्हणत होता. फेब्रुवारीत शिंग कललं तेव्हाच गुरांच्या दवाखान्यात नेऊन ते कापून घेतलं असतं तर ताजा तुकडा मिळाला असता, आणि कोण जाणे, बैलही वाचला असता. त्यांना नमुना कधी हवाच नव्हता. बैल उचलायला माणसं हवी होती, आणि आमच्या लोकांनी ते काम सोडून तीस वर्षं झाली होती. म्हणून विज्ञान पुढे केलं.

मग त्यांनी खिशातून माझा अर्ज काढला. उलगडून माझ्याकडे फिरवला. खाली त्यांची सही होती, शाई अजून निळीशार.

"करूनच आणलीय बघ," ते म्हणाले. "आधी एवढं होऊ दे. मग घेऊन जा."

मी पाळीच्या खाली जाऊन ओकले. त्या बैलाची मला किळस आली, खोटं कशाला बोलू. पण तो बिचारा मेला होता, त्याला इलाज नव्हता. सर जिवंत होते. एका हातात माझा अर्ज, दुसऱ्या हातात अत्तराचा रुमाल, आणि चेहऱ्यावर उपकाराचं हसू. ते आठवून मी पुन्हा ओकले.

तोंड पुसून वर आले तर वडिलांनी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या. ते खाली वाकले, दोरखंड उचलला आणि त्याचा फास करू लागले. तीस वर्षांत हात विसरले नव्हते. मला ते पाहवेना.

"सुलो, तिकडं त्या झाडाखाली जाऊन बस," ते मान वर न करता म्हणाले. "इकडं पाहू नको. अर्ध्या घंट्याचं काम हाये. कागद घे आन जाऊ."

माझ्या वडिलांनी माझ्यासाठी पुष्कळ केलं होतं. हे मला नको होतं. मी त्यांच्या हातातून दोर ओढला. ते सोडेनात. आम्ही बापलेक दोन टोकं धरून त्या घाणीत उभे, आणि सर बघतायत.

"सोडा, बाबा."

"तुयी नवकरी जाईन."

"जाऊ द्या. सोडा म्हणते ना!"

मी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच ओरडले. त्यांनी दोर सोडला. मी तो सरांच्या पायाशी नेऊन टाकला, पिशवीतून हातमोज्यांचा जोड काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"बैल तुमचा, दोर तुमचा, खड्डाही खणून तयार आहे. हातमोजे तेवढे माझ्याकडचे घ्या, सर. तुम्हाला सवय नसेल."

"श्याम, हे काय बोलून राहिली?" तुलाराम म्हणाले.

सरांचा रुमाल पहिल्यांदा नाकावरून खाली आला. "अर्ज हवा आहे की नको?"

"नको."

"तुम्हा लोकांचं चांगलं करायला जावं तर..." ते म्हणाले. वाक्य पुरं झालं नाही, कारण रुमालाशिवाय श्वास घेतला आणि त्यांना ठसका लागला. हातमोजे मी वाशावर ठेवले. आम्ही पाळीवरून उतरून चालायला लागलो.

पुढचं थोडक्यात सांगते. मेअखेर मी घरी बसले. दोन वर्षांनी पवनीकडच्या एका शाळेत लागले आणि निवृत्त होईस्तोवर मुलांना सरड्याचं शरीर शिकवलं. एकोणनव्वदला वाचनालयात हसले ते म्हणूनच: बिघडलेला नमुना पुढे करणारे एकटे आमचे सर नव्हते. तो बैल शेवटी दोघा भावांनीच ओढला म्हणे, आणि सर चार दिवस जेवले नाहीत. ऐकून मला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं. वाळ्याचा वास मला अजून सहन होत नाही. लोकांना त्यानं गार वाटतं, मला तो बैल आठवतो.

पण त्या दिवशीचं राहिलं. अर्धा कोस आलो. वडील दोन्ही हात अंगापासून दूर धरून चालत होते, ओला रंग लागला असावा तसे. डबा मीच घेतला होता. एका पळसाखाली ते थांबले.

"पानी हाये का?"

विहीर जवळपास नव्हती. बरोबर आणलेली पाण्याची सुरई सकाळीच रिकामी झाली होती. मी डबा उघडला. भुसा बाजूला सारला तर खाली बर्फाचे खडे आणि वितळलेलं गार पाणी होतं. राख कुठून आणणार? त्यांनी वाटेवरची माती घेतली, हातांना चोळली आणि ओंजळ पुढे केली. मी वरून पाणी ओतलं. गारठ्यानं त्यांची बोटं आखडली, तरी ते चोळत राहिले.

"बैलाले नाही लागला हात," ते म्हणाले. "दोरालेच लागला."

"हो, बाबा."

"तो दोर त्याच कामाचा होता. गाठीवरून वळखलं मी."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तासाच्या आत बर्फात धुतले, बाबा. काही बिघडत नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी पुन्हा माती घेतली, पुन्हा चोळली, मी पुन्हा पाणी ओतलं. डब्यात थोडंच उरलं होतं. मला वाटलं झालं, म्हणून मी झाकण लावायला घेतलं, तर त्यांनी तिसऱ्यांदा ओंजळ पुढे केली.